पुढच्या खुर्च्या

सैनिकांच्या पतपेढीत ट्रकसाठी स्वस्तात कर्ज मिळतं, पण सभासद व्हायला घरातल्या कुणीतरी फौजेत नोकरी केलेली असावी लागते. म्हणून कॉर्बिन सकाळीच डोनट घेऊन निवृत्त सार्जंट वेंडेलच्या दारात हजर झाला आणि त्याला इथे घेऊन आला. स्वतःच्या आईच्या अंत्यविधीला याच कॉर्बिनने वेंडेलला मागे बसवलं होतं. "पुढच्या खुर्च्या घरच्यांसाठी आहेत," म्हणाला होता.

काउंटरवरच्या बाईने विचारलं, "हे तुमचे कोण?"

"वडील," वेंडेलच्या खांद्यावर हात टाकत कॉर्बिन म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून आज पहिल्यांदाच निघाला होता.

वेंडेलने माशी झटकावी तसा तो हात झटकला.

"सावत्र बाप म्हणालास तरी चालतं रे इथे. उगाच जिभेला त्रास दिलास."