चक्रवाक एकेचाळीस

बी.एस्सी. होऊन सहा महिने झाले होते, नोकरी नव्हती, त्यामुळे घाईही नव्हती. खामगावहून रमतगमत सायकलवर त्या तलावाकाठी आलो, दुर्बीण लावली आणि वहीत लिहू लागलो: चक्रवाक एकेचाळीस, करकोचे नऊ.

मान वर केली तेव्हा चार-पाच शेतकरी भोवती उभे होते. काठावरची वावरं सरकार धरणासाठी घेणार, अशी गावात आवई होती. त्यांच्यातल्या उकंडरावांनी माझी सायकल घट्ट धरली होती.

"जमीन मोजून राह्यला का बे?"

"नाही हो काका, पक्षी मोजतोय."

"शिकला-सवरला मानूस पाखरं मोजते? आमाले येडं समजतं काय?"

वही हिसकावली गेली. एकाच्या हातात कुऱ्हाड होती. तेवढ्यात उकंडरावांची आई, गोजरबाई, न्याहारीची टोपली घेऊन आली. तिने एक भाकरी माझ्यापुढे धरली.

"हिच्यावर हात ठेव पोरा. सांग, तुह्या लिवन्यानं आमचं वावर जानार नाही."

मी हात ठेवला. "नाही जाणार, आजी."

वही परत मिळाली. तीच भाकरी तिने मला ठेच्यासोबत खाऊ घातली. घरी आल्यावर मी यादी सुवाच्य अक्षरात उतरवली आणि मोठ्या हौसेने सरकारकडे पाठवली.



तीन वर्षांनी गोजरबाईच्या वावरावर पक्षी अभयारण्यासाठी नोटीस आली. कारण लिहिलं होतं: चक्रवाक एकेचाळीस, करकोचे नऊ.