रविवारची पहाट

संडे स्कूलच्या बाई दरवर्षी ईस्टरला मुलांना तीच गोष्ट सांगायच्या. येशूला शुक्रवारी पुरलं, आणि रविवारी भल्या पहाटे बायका कबरीकडे गेल्या, तर कबर रिकामी! घरी येऊन म्हणायच्या, “अहो, दोन हजार वर्षं उशिरा जन्माला आले मी. त्या पहाटे मी तिथे असायला हवं होतं.”

कुणाचा तरी बिघडलेला मिक्सर उघडून बसलेला नवरा मान वर न करता हसायचा. “तू? तू आधी झाडू मागितला असतास.”

परवा शुक्रवारी दुपारी नवऱ्याला माती दिली. बाई रडल्या नाहीत. चहा पुढे केला की पीत होत्या, पड जरा म्हटलं की आडव्या होत होत्या. टेबलावर अर्धा उघडलेला मिक्सर तसाच होता. त्याला हात न लावता त्या भोवतीची धूळ तेवढी पुसत राहिल्या.

रविवारी धाकट्या जावेला जाग आली, तर बाईंचं अंथरूण रिकामं. तिने घरातल्यांना हाका मारायला सुरुवात केली, तेवढ्यात दार उघडून बाई आत आल्या. चपला मातीने भरलेल्या.

“ताई, उजाडायच्या आत कुठे गेला होतात?”

बाईंनी हातातला झाडू दाराआड उभा केला.

 

“हे तिथेच आहेत. झाडून आले.”