जूचंद्रचा स्वच्छ रस्ता

मुलीने पत्रक घेतलं, उलटून पाहिलं आणि निकोलसला परत दिलं.

"अंकल, यावर चपलेचा ठसा आहे. दुसरं असेल तर द्या ना."

निकोलसने कागद डोळ्यांजवळ धरला. 'तुमच्यासाठी आनंदाची बातमी' या ओळीवरून खरंच एका चपलेची नक्षी गेली होती. फिकट होती, पण दिसत होती. कागद मधोमध चुरगळून पुन्हा सरळ केलेला होता आणि त्यावरून इस्त्री फिरली होती. त्याने गठ्ठा चाळला. निम्मी पत्रकं तशीच होती. वाटताना तो माणसांचे चेहरे बघे, कागद कधी निरखून पाहिलाच नव्हता. तेवढ्यात मुलीची रिक्षा आली आणि ती निघून गेली.

गठ्ठा त्याने दुपारीच घरच्या कपाटातून काढला होता. त्या कपाटाला हात लावणारी माणसं दोनच, तो आणि त्याची बायको रिटा.

सात वर्षांपूर्वी, नोकरीतून निवृत्त झाल्यावर, निकोलसने गावचं कॅथलिक चर्च सोडलं आणि एका हॉलमध्ये भरणाऱ्या प्रार्थना मंडळीत जायला लागला. वसईच्या गावात ही बारीकसारीक गोष्ट नव्हे. भावकीने तोंड फिरवलं. चुलतभाऊ लग्नाचं आमंत्रण द्यायला आला तो रिटाच्या हातात पत्रिका देऊन उंबऱ्यावरूनच गेला. मंडळीत यायचं तर पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागे; रिटा काही चर्च सोडायला तयार झाली नाही. "माझा बाप्तिस्मा एकदा झालाय. दुसरा नको मला," एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून दर रविवारी दोघं एकाच दारातून बाहेर पडत आणि दोन दिशांना जात. रात्री निकोलस गुडघे टेकून तिच्या तारणासाठी, तिचा आत्मा वाचावा म्हणून, प्रार्थना करी. तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने करी, हे वेगळं सांगायला नको.

शनिवार मात्र जूचंद्रमध्ये मंडळीची पत्रकं वाटण्याचा. स्वतःच्या गावात ती वाटायची म्हणजे शाळेतल्या दोस्तांसमोर हात पुढे करायचा. त्यापेक्षा नायगाव पूर्वेचं जूचंद्र बरं, तिथे ओळखणारं कोणी नव्हतं. नाक्यापासून शेवटच्या नव्या टॉवरपर्यंत तो चालत जाई. कोणी घेई, कोणी "नही चाहिए" म्हणे. वॉचमन गेटवरून हाकलून देई. शेवटच्या टपरीवर तो चहा घेऊन तासभर बसे, कारण गुडघा पुढे चालू देत नसे. मग त्याच रस्त्याने परत.

आणि परतताना तो रस्त्यावर नजर ठेवी. वडापावचे कागद असत, गुटख्याच्या पुड्या असत, पिशव्या तर विचारू नका. पण त्याचं एकही पत्रक पडलेलं नसे. मंडळीतले बाकीचे सांगत, लोक चार पावलांवर टाकून देतात हो. निकोलस म्हणे, जूचंद्रचे लोक वेगळे आहेत, ते घरी नेतात. या एका गोष्टीच्या जोरावर माणूस सात वर्षं चालला. एकही माणूस मंडळीत आला नाही, कोणाचा साधा फोन आला नाही, तरी चालला. शनिवारी रात्री तो गुडघा विसरून खुशीत घरी पोचे आणि जेवताना रिटाला सगळं सांगे. कोण हसलं, कोणी काय विचारलं, आणि शेवटी, "एकानेही टाकलं नाही." रिटा "बरं झालं" म्हणे आणि ताटात माशाची आणखी एक तुकडी वाढी.

आज त्याने टपरीवर चहा अर्धाच सोडला आणि लगेच मागे फिरला.

फार चालावं लागलं नाही. दुसऱ्या वळणावर गटाराच्या कडेला रिटा वाकलेली होती. शनिवारी संध्याकाळी ती चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला असते, अशी त्याची समजूत होती. तिने पदर खोचला होता. एका हातात कापडी पिशवी होती. दुसऱ्या हाताने ती पत्रकं उचलत होती, फुंकर मारून धूळ उडवत होती आणि पिशवीत टाकत होती. रस्ताभर पत्रकं पडलेली होती. त्याच्यासमोरच एक स्कूटर एकावरून गेली.

निकोलसला रडू आलं नाही, रागही आला नाही. तो नुसता थकला. सात वर्षांचं चालणं एकदम पायात उतरलं आणि त्याला बाजूच्या कठड्यावर बसावं लागलं.

रिटाने वर पाहिलं. ती दचकली नाही. येऊन त्याच्या शेजारी बसली.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"पहिल्या शनवारपासून. कोणी तुमाला मारलं-बिरलं तर, म्हणून मागे आलेली. बघते तर लोक पाय देऊन चाललेत. येशूचं नाव आहे त्याच्यावर. नाय बघवलं मला."

"आणि परत गठ्ठ्यात?"

"मग टाकायची कुठे? कचऱ्यात टाकली तर तीच गत. चांगली होती ती इस्त्री करून ठेवली."

समोरून माणसं जात होती. कोणी त्यांच्याकडे पाहत नव्हतं.

"एकदा सांगायचं होतंस रिटा," तो म्हणाला. "पहिल्याच वर्षी सोडून दिलं असतं मी. घरी बसलो असतो."

रिटाने पिशवीचे बंद आवळून गाठ मारली.

"म्हणूनच नाय सांगितलं," ती म्हणाली. "शनवारी तुमी खुशीत घरी येता, जेवताना माझ्याशी बोलता. बाकीचे सहा दिवस तुमी माझ्यासाठी नुसती प्रार्थना करता."