समजा, मी झोपलोय

"समजा, मी झोपलोय," असं म्हणून कप्तान खरंच डोळे मिटून खुर्चीत रेलला. "वारा खिडकीकडून येतोय. बोट धक्क्याला लावायची आहे. मला उठवायचं नाही."

जेवणाच्या टेबलावर चहाचा ट्रे म्हणजे बोट होती आणि मिठाची बाटली म्हणजे धक्का. दातांच्या डॉक्टरनं ट्रे हलकेच वळवला. बेकरीवाल्यानं शीड उतरवल्याचं जाहीर केलं. डॉक्टरची बायको चिमणी हिनं इंजिन सुरू केलं, म्हणजे तोंडानं घुर्रर्र केलं. बाटली कलंडली, पण थोडक्यात निभावलं.

"शाबास," कप्तान डोळे उघडून म्हणाला. "माझ्यावाचून काही अडत नाही तुमचं."

सगळे हसले. वहिनी, म्हणजे कप्तानाची बायको, तेवढी हसली नाही.

बेत कप्तानाचाच होता. पाच जणांनी आठवडाभर शिडाची बोट भाड्यानं घ्यायची, तीही नुसती बोट. मालक किल्ली हातात देणार आणि घरी जाणार. खलाशी नाही, स्वयंपाकी नाही. आपणच हाकायची आणि बेटाबेटांतून भटकायचं.

चिमणी कप्तानाची धाकटी बहीण. पन्नाशीला टेकली, अंगानं भरली, तरी नाव चिमणीच राहिलं होतं. भाऊ नकाशे पसरून शीळ घालतोय हे पाहून तिला भरून आलं. वर्षभर हा माणूस घरात घुम्यासारखा बसून होता. त्याच्या नौकानयनाच्या शाळेत शिकायला आलेला एक गृहस्थ वादळात पाण्यात पडला आणि कप्तानाला तो सापडला नाही. चौकशीत कुणाचाच दोष निघाला नाही, पण कप्तानानं शाळा बंद केली आणि समुद्राकडे पाठ फिरवली. आता मात्र त्यानं स्वयंपाकघरातला गळका नळसुद्धा आपणहून दुरुस्त केला होता.

आणि त्यात वहिनीचं हे असं.

"पण पाण्यात कोणी पडलं तर?" तिनं विचारलं.

डॉक्टरनं कलंडलेली मिठाची बाटली उभी केली.

"कोणी पडणार नाही," कप्तान म्हणाला.

"तरी. शिकवून ठेवा की."

"पुढच्या वेळी बघू." त्यानं नकाशाची घडी घातली.

हाच प्रश्न तिनं मागच्या बैठकीतही विचारला होता, आणि त्याच्या आधीच्याही. एकेकाला खपली काढायची हौसच असते, असं चिमणी मनातल्या मनात म्हणाली.

चिमणीचा स्वभाव चौकस. शेजाऱ्यांच्या दारात अनोळखी चप्पल दिसली, तरी पाहुणा कोण ते कळेपर्यंत तिला घास गोड लागत नसे. तिनं वहिनीवर नजर ठेवली. रविवारी सकाळी वहिनी बाजारात जाते म्हणून सांगायची आणि ओल्या केसांनी, रिकाम्या पिशवीनं परत यायची. तळहातांवर फोड आले होते. विचारलं तर म्हणाली, "कपडे पिळून." घरात धुण्याचं यंत्र होतं.

पुढच्या बैठकीला कप्तान फारच खुशीत होता. बोटीवर प्रत्येकाकडे आपापलं काहीतरी हवं, म्हणून त्यानं डॉक्टरला आपली दुर्बीण दिली, बेकरीवाल्याला चाकू आणि चिमणीला पितळी होकायंत्र. "ठेव तुझ्याकडेच," तो म्हणाला. मग रात्रीच्या पाळ्या ठरल्या. मधल्या रात्रीची पाळी त्यानं एकट्यानं मागितली.

"मी बसेन तुमच्यासोबत," वहिनी म्हणाली.

"तू झोप गं."

"मी बसेन." मग तिनं विचारलं, "अहो, तुमचं वजन किती आता?"

"पंच्याऐंशी. का?"

"सहज."

चिमणीनं चहाचा कप खाली ठेवला. सहज कोण नवऱ्याचं वजन विचारतं?

रविवारी ती वहिनीच्या मागोमाग निघाली. वहिनी बाजाराच्या वळणावर वळलीच नाही. गावाबाहेरच्या तळ्यावर तिनं छोटी शिडाची होडी सोडली. होडीत तिच्याशेजारी कोणीतरी मान टाकून बसलं होतं. कप्तानाचा जुना पिवळा रेनकोट चिमणीनं लांबूनही ओळखला. आत काहीतरी ठासून भरलं होतं, माणसाएवढं.

तळ्याच्या मध्यावर वहिनी उठली. तिनं दोन्ही हातांनी रेनकोटाला धक्का दिला. तो पाण्यात पडला आणि होडी पुढे निघून गेली.

चिमणी दादाला सांगायला वळली, पण एवढं चालून ती थकली होती. ती काठावरच्या बाकावर बसली, म्हणून पुढचं तिला दिसलं. होडी वळली. शीड सैल पडलं. वहिनी वाकून रेनकोटाला दोर अडकवत होती. दोर निसटला, होडी पुन्हा फिरून आली, पुन्हा निसटला. शेवटी तिनं कप्पीवरून दोर ओढत, दात-ओठ खात ते धूड वर घेतलं आणि त्याच्यावर डोकं टेकून कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.

काठाला आली तेव्हा चिमणी समोर उभी होती. वहिनी दचकली नाही.

"हे काय चाललंय, वहिनी? दादाच्या वजनाचं?"

"पाण्याचे कॅन भरलेत आत." वहिनी धापा टाकत होती. "बैठकांत काय काय शिकलीस, सांग बरं."

"शीड. नांगर. इंजिन. दादा झोपलेला असताना बोट धक्क्याला लावायची."

"लग्नाआधी मी त्यांच्याच शाळेत शिकले. पहिल्या दिवशी एकच धडा असायचा, पडलेल्या माणसाला वर कसं घ्यायचं. तो धडा जमल्याशिवाय ते कुणाला दोराला हात लावू देत नसत."

"त्याला तो गृहस्थ आठवत असेल. म्हणून टाळत असेल."

"मलाही तसंच वाटलं होतं, त्यांनी नळापासून एकेक राहिलेलं काम उरकायला घेईपर्यंत."

"मग ट्रिपच नको म्हण."

"ही नाही तर दुसरी काढतील." वहिनीनं फोड आलेला हात चिमणीच्या हातावर ठेवला. "तुम्हाला त्यांनी सगळं शिकवलं, चिमणी. त्यांच्यावाचून परत कसं यायचं, तेसुद्धा. तेवढा पहिला धडा शिकवला नाही."