चौथा पोर्ट

इस्पितळातले सगळे संगणक जोडणाऱ्या मोठ्या स्विचला वेगवान पोर्ट, म्हणजे केबल खुपसायच्या खाचा, चारच, आणि चौथ्यात नेटवर्कवाल्या काकांनी एक काळी केबल खुपसून ठेवलेली. तिला ते कुणाला हात लावू देत नसत. एक्स-रे विभागाच्या बाईंना पहिल्यापासून वाटे, इथं नक्की पाणी मुरतंय. केबलवर चिठ्ठी नाही, दिवा लुकलुकत नाही. म्हणजे आपण आलो की हा माणूस ती बंद करतो. म्हणून तर एक्स-रे साठवायला मागवलेला नवा सर्व्हर आला तेव्हा काकांना पत्ता लागू न देता त्यांनी तो स्वतःच्याच टेबलाखाली, साध्या लाइनवर बसवला. आता एकेक एक्स-रे उघडायला पाच मिनिटं लागत, आणि डॉक्टर बाईंच्या नावानं बोटं मोडत.

आज काका जेवायला गेलेले पाहून बाई स्विचच्या रॅकमागे शिरल्या आणि केबल ओढू लागल्या. दुसरं टोक अलगद हातात आलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं.

"रिकामा पोर्ट दिसला की कुणीतरी बळकावतं, म्हणून अडवून ठेवलाय," दारातून काका म्हणाले. "तुमचा सर्व्हर कधी येतोय, बाई? तीन महिने जागा धरून बसलोय."