दोन रकाने

बुद्धभूषणने कागदावर पट्टी ठेवली आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं, ‘इमारत धोकादायक आहे असे म्हणणारे.’ उजवीकडे लिहिलं, ‘इमारत चांगली आहे असे म्हणणारे.’ संध्याकाळी सोसायटीची मीटिंग. त्याआधी हा कागद जिन्यातल्या फळ्यावर लागायचा होता. तो वाचून सभासद ठरवणार होते, इंजिनिअर बोलवायचा की नाही.

“दोन्ही बाजू सारख्या हव्यात हं,” अध्यक्ष दिनानाथ दारात उभ्या उभ्याच म्हणाले. “इकडे चार ओळी, तर तिकडेपण चार. उगाच कुणी घाबरायला नको. तुझं अक्षर चांगलं, आणि तू कुणाच्या अध्यातमध्यात नसतोस, म्हणून तुला सांगतोय.”

बुद्धभूषणची आई जनाबाई खाली फरशीवर गवार मोडत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “आणि तुमचा गाळा कुठल्या रकान्यात घालायचा, दिनानाथभाऊ? खालची मधली भिंत काढून जीन्सच्या मशिनी बसवू दिल्यात, तो?”

“मावशी, ती नुसती पार्टिशनची भिंत होती.”

“असेल. आमच्या पायाखाली होती, म्हणून विचारलं.”

दिनानाथ हसले आणि निघाले. दार ओढून घेतलं, ते बसेना. पुन्हा जोर लावून ओढलं, तेव्हा बसलं.

मे महिन्यातली दुपार. लोडशेडिंग होतं, पंखा बंद. खालच्या मशिनीही बंद. विठ्ठलवाडीतली ही इमारत एवढी गप्प कधी नसायची. गवार मोडल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता.

बुद्धभूषण लिहीत गेला. डावीकडे, ‘खांबांना तडे गेले आहेत असे काहींचे मत आहे.’ उजवीकडे, ‘तडे फक्त प्लास्टरचे आहेत असे काहींचे मत आहे.’ डावीकडे, ‘मशिनींमुळे इमारत हादरते.’ उजवीकडे, ‘मशिनी इतकी वर्षे चालू आहेत, काही झालेले नाही.’ डावीकडे, ‘दारे अडकतात.’ उजवीकडे, ‘पावसाळ्यात लाकूड फुगते.’

“वाच बघू,” जनाबाई म्हणाल्या.

त्याने वाचून दाखवलं.

“तडा गेला, हे मत?” त्यांचा हात थांबला. “परवा त्याच तड्यात किल्ली घालून तूच दाखवलीस ना मला? पार मुठीपर्यंत आत गेली. ते काय मत गेलं होतं आत?”

“आई, लिहिताना तसं लिहावं लागतं. दोन्हीकडचं मांडायचं, मग लोक वाचून ठरवतात.”

“ठरवत नाहीत. दोन्हीकडचं वाचून माणूस पोटभर जेवतो आणि झोपतो.”

“आई, हळू बोला ना,” आतल्या खोलीतून सून माया म्हणाली. “आत्ताच पोरीचा डोळा लागलाय.”

बुद्धभूषणने पेन खाली ठेवलं. “इंजिनिअर आला आणि त्याने धोका आहे म्हणून लिहून दिलं, तर पालिका इमारत खाली करायला लावणार. पाडणार. मग जायचं कुठे, याचं उत्तर आहे तुझ्याकडे?”

“आहे. रस्त्यावर. रस्ता डोक्यावर पडत नाही.”

“दारावर पाटी तुझ्याच नावाची आहे.”

“म्हणून तर. दुसऱ्याच्या घरासाठी मी एवढं तोंड वाजवलं नसतं. उद्या ढिगाऱ्यातून नुसती पाटी निघायला नको.”

त्याने पेन पुन्हा उचललं. दोन्हीकडच्या ओळी मोजल्या. सारख्या होत्या. उजवीकडची एक जरा आखूड वाटली, तिथे त्याने ‘निश्चितच’ हा शब्द घातला. मग कागद घेऊन उठला, चप्पल घातली, कडी काढली आणि दार ओढलं.

दार उघडेना.

त्याने दोन्ही हातांनी ओढलं. भिंतीला पाय लावून ओढलं. जनाबाई गवारीची परात बाजूला सारून उठल्या. गेल्या पावसाळ्यात हरिचंद्र सुताराने ह्या दाराला एवढा रंधा मारला होता की वर बोटभर फट राहिली होती. डास येतात म्हणून त्यांनीच त्या फटीत चिंधी कोंबली होती. सैलच बसायची ती, वाऱ्याने हलायची. आता त्यांनी स्टुलावर चढून तिचं टोक धरलं आणि ओढलं. टोक फाटून हातात आलं. बाकीची चिंधी वरच्या चौकटीने घट्ट दाबून धरली होती.

“दिनानाथभाऊ!” बुद्धभूषणने हाक मारली. “जिन्यात आहात का? जरा बाहेरून ढकला!”

पावलं वाजली. बाहेरून एक धक्का बसला, मग दुसरा. दार हललं नाही.

“फुगलंय,” दिनानाथांचा आवाज आला. “पावसाने फुगतं ते.”

जनाबाई स्टुलावरच उभ्या होत्या.

“कुठल्या पावसाने, दिनानाथभाऊ?”

बाहेरून तिसरा धक्का बसला.

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा सावकाश फिरायला लागला. लाईट आली होती. खाली सगळ्या मशिनी एकदम सुरू झाल्या, आत पोर रडत उठली, आणि बुद्धभूषणच्या हातातल्या कागदावर वरून पांढरी भुकटी पडायला लागली. दोन्ही रकान्यांवर, सारखीच.