काकडीचा घोडा

या मंडळी, जवळ सरकून बसा. गोष्ट एवढीशीच आहे, एका काकडीची. पण ऐकून उठाल तेव्हा रिकाम्या हातांनी उठणार नाही.

“म्हातारीनं घोडा खाल्ला!” तोकुजीआजोबा ओरडले, आणि चाकाच्या खुर्च्यांतून हसू फुटलं.

ओबोनचा, म्हणजे जपानातल्या पितरांच्या सणाचा, पहिला दिवस होता. पितर घरी यायची संध्याकाळ. साकाता शहरातल्या त्या वृद्धाश्रमात उन्हाळ्याचे खेळ चालले होते. डोळे बांधून कलिंगड फोडून झालं, कागदाचे पंखे रंगवून झाले, आणि आज प्रत्येकापुढे एक काकडी नि एक वांगं. जेवणाच्या काड्या मोडून त्यांना चार-चार पाय लावायचे. काकडीचा घोडा, म्हणजे पितरांनी त्यावर बसून दौडत घरी यावं. वांग्याची गाय, म्हणजे जाताना रमतगमत जावं, घाई करू नये. उमेनोआजींपुढे मात्र नुसतीच गाय उभी होती.

तिथे म्हाताऱ्यांच्या सेवेला असलेल्या मुत्सुमीनं टेबलाखाली वाकून पाहिलं. पहाटेपासून धरलेली कंबर आणखीच कळवळली.

“आजी, काकडी कुठे गेली?”

“गेली.”

“खाल्लीत? अहो, काडी घशात अडकली म्हणजे?”

“दात कुठे आहेत मला?”

“दात नसले तरी जीभ आहे की चांगली हातभर!” तोकुजीआजोबा म्हणाले. “आता तुमच्या म्हाताऱ्यानं यायचं कशावर?”

“तीस वर्षं झाली त्याला जाऊन. वाट पाठ आहे त्याची. येईल चालत.”

पुन्हा हशा. मुत्सुमीला हसू आलं नाही, रागही आला नाही. हिलाही विसर पडायला लागला वाटतं, एवढंच मनात येऊन गेलं. आता हिच्या प्रत्येक घासाशी उभं राहावं लागणार.

ओबोनच्या सगळ्या दिवसांची इतरांची कामं तिनं मागून घेतली होती. मुख्य होरिउचीबाईंनी तिला दोनदा हटकलं होतं. “मुत्सुमी, तुझ्या आईचं पहिलंच ओबोन ना गं हे? दारात विस्तव कोण पेटवणार? मन बदललं तर सांग, मी थांबेन इथे.”

“नाही बदलायचं,” ती म्हणाली होती.

गेलेल्या माणसाला पहिल्या वर्षी घरची वाट ठाऊक नसते. म्हणून दारात विस्तव पेटवतात, पांढरा कंदील टांगतात. तो कंदील घरी खोक्यातच पडून होता. मार्चमध्ये एका संध्याकाळी काम संपल्यावरही मुत्सुमी इथेच थांबली होती, तापानं फणफणलेल्या कुणाच्या तरी उशाशी. आणि तिकडे आई एकटीच गेली. मुत्सुमी घरी पोचली तेव्हा भांड्यात भात होता, दोघींपुरता. तेव्हा ज्या दारात वेळेवर पोचले नाही, तिथे आता कुठल्या तोंडानं विस्तव पेटवू? हे तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. ती फक्त कामावर येत राहिली.

ऊन समुद्राकडे कललं तशी तिनं उमेनोआजींची खुर्ची त्यांच्या खोलीत ढकलत नेली. ह्या खोलीत ती सगळं करी. पुसून घेई, भरवी, कूस बदलून देई. वसंतापासून बसत मात्र नसे. तिनं वांग्याची गाय खिडकीत ठेवली आणि वळली.

“बस जरा.”

“कामं पडलीत आजी.”

“बस म्हणते ना.”

ती बसली.

आजींनी एप्रनखालून ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. घोडाच होता. एक पाय आखूड, मक्याच्या केसांची शेपटी.

“अगंबाई! म्हणजे खाल्ला नव्हतात?”

“त्या तोकुजीला बडबडू दिलं. नाहीतर तुम्ही लोकांनी शोधून काढून खिडकीत मांडला असता.” आजींनी घोडा तिच्या तळहातावर ठेवला, तोंड दाराकडे करून. “घरी घेऊन जा. सुकण्याआधी.”

“आजी, हा तुमच्या यजमानांचा आहे.”

“सांगितलं ना, तो येईल चालत. तुझी आई नवी आहे. दारात कुणी दिसलं नाही तर परत फिरेल बिचारी.”

मुत्सुमीनं मान हलवली. “मी कशी जाऊ? तिच्या शेवटच्या वेळी मी…”

“ठाऊक आहे मला.” आजींनी तिचा मोकळा हात आपल्या हातात घेतला. बाहेर कुणीतरी दुपारचे पंखे गोळा करत होतं. “मार्चमधला तो ताप माझाच होता, पोरी. जाऊ नकोस, जाऊ नकोस म्हणत तुझा हात मीच धरून ठेवला होता. आणि तू तो सोडवून घेतला नाहीस.”

मग आजींनी आपली वाकडी, गाठाळलेली बोटं एकेक करून उघडली.

“आता सोडते. जा.”

मंडळी, त्या संध्याकाळी मुत्सुमीच्या दारात विस्तव पेटला, कंदील लागला. आई आली असेलच, घोड्यावरून, दौडत. तिची आठवण काढायला तिची लेक आहे. तुम्ही एवढंच करा. कुणासाठी दारात दिवा लावाल, तेव्हा उमेनोआजींच्या म्हाताऱ्याचीही आठवण ठेवा. बायकोच्या शब्दाखातर तो त्या वर्षी पायी आला.